आधी आकडा, मग यादी

प्रश्न : सण तीन महिन्यांवर आलाय. आम्ही दोघंही नोकरी करतो. पण माझ्या नवऱ्याच्या कंपनीत दोन विभाग बंद झाले आणि पुढची पाळी कुणाची, हे कुणालाच माहीत नाही. माझी नोकरी टिकून आहे, पगारवाढ मात्र थांबलीय. गेल्या सणाला भेटवस्तूंची सगळी खरेदी क्रेडिट कार्डावर केली आणि ते बिल फिटायला पाच महिने लागले. माझ्या यादीत १९ नावं आहेत : भाचे-पुतणे मिळून पाच मुलं, तीन वडीलधारे, दोन्हीकडच्या भावंडांची चार जोडपी म्हणजे आठ जण आणि तीन मैत्रिणी. आत्ताच स्वस्तात मिळेल ते घेऊन ठेवू, की नोकरीचं काय ते कळेपर्यंत थांबू? आणि या वर्षी हात आखडता घेतोय हे घरच्यांना कसं सांगायचं? कुणाला वाईट वाटायला नको आणि मला खोटंही बोलायला नको.

उत्तर :

थोडं आत्ता घ्या आणि बरंचसं थांबून घ्या. पण काय आत्ता आणि काय नंतर, हे ठरवण्याआधी एक आकडा हातात हवा. गेल्या वर्षी तुमच्याकडे यादी आधी झाली आणि आकडा बिलातून कळला. या वर्षी हा क्रम उलटा करा.

सुरुवात गेल्या वर्षीच्या खऱ्या खर्चापासून. बँकेचं आणि कार्डाचं स्टेटमेंट काढा, सणाच्या दोन महिने आधीपासून एक महिना नंतरपर्यंतचं, आणि सणापायी झालेल्या प्रत्येक खर्चावर खूण करा. भेटवस्तू तर आल्याच. त्याशिवाय रॅपिंगचे कागद आणि पिशव्या, कुरिअर, ऐनवेळी कुणीतरी अनपेक्षित भेट आणली म्हणून धावपळीत घेतलेली वस्तू आणि ‘इतकं घेतोच आहोत तर’ म्हणून स्वतःसाठी घेतलेलं, हे सगळं त्यात धरा. बजेट बहुतेक वेळा या किरकोळ रकमांनीच फुटतं, कारण त्या कुठल्याच यादीत नसतात.

आता या वर्षीची मर्यादा. पगार दोन आहेत आणि त्यातला एकच डळमळीत आहे, तेव्हा हिशेब एकूण पगाराचा न करता तुटीचा करा. समजा दोघांचं मिळून महिन्याचं उत्पन्न १०० आहे, त्यातले ४५ तुमचे. भाडं किंवा घराचा हप्ता, किराणा, वीज, शाळेची फी, औषधं, विमा, प्रवास असा टाळता न येणारा खर्च ७० आहे. नवऱ्याचा पगार थांबला तर दर महिन्याला २५ कमी पडतील. सहा महिने तग धरायचा तर १५० हाताशी हवेत, तेही लगेच काढता येतील अशा ठिकाणी. नोकरी गेल्यावर मिळणारी भरपाई या हिशेबात धरू नका. ती आली तर बरंच आहे, पण अनेकदा उशिरा येते.

१०० मधून ७० गेल्यावर ३० उरतात. त्यातली १० ची नेहमीची बचत तशीच चालू ठेवा. राहिले २०, तीन महिन्यांचे ६०. यातले ४२ राखीव रकमेत टाका आणि १८ सणासाठी ठेवा. म्हणजे दर पगाराला ६ बाजूला. गंगाजळी ७५ हूनही कमी, म्हणजे तीन महिन्यांच्या तुटीलाही पुरणारी नसेल, तर सणाचा आकडा १८ वरून ९ करा आणि त्यावर पुन्हा विचार करत बसू नका. आकडे तुमच्या घरचे घाला, रीत हीच ठेवा. हे ६ पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात किंवा पाकिटात जायला हवेत. महिनाअखेरीला जे उरेल ते ठेवू म्हटलं तर बहुधा काहीच उरत नाही.

ही रक्कम रोख किंवा डेबिट कार्डानंच खर्च करा. क्रेडिट कार्डाच्या बिलाला पाच महिने का लागले, ते एकदा आकड्यांत पाहा. न भरलेल्या बाकीवर महिना ३ टक्के व्याज धरलं, तर ते वर्षाला ३६ नव्हे, चक्रवाढीनं सुमारे ४२.६ टक्के होतं. १०० च्या बिलावर किमान रक्कम म्हणून ५ भरले, की राहिलेल्या ९५ वर २.८५ व्याज चढतं आणि पुढच्या बिलात ९७.८५ दिसतात. तुमच्या खिशातून ५ गेले, कर्ज फक्त २.१५ नं कमी झालं. हा अगदी साधा हिशेब झाला. बहुतेक कार्डांवर बाकी शिल्लक असताना बिनव्याजी मुदतच मिळत नाही, त्यामुळे त्याच कार्डावर घेतलेल्या रोजच्या किराण्यालाही खरेदीच्या दिवसापासून व्याज लागायला लागतं.

‘शून्य व्याजा’च्या हप्त्यांपासूनही या वर्षी लांब राहा. त्यात सहसा प्रक्रिया शुल्क असतं, आणि एकरकमी पैसे दिले असते तर मिळाली असती ती सूट अनेकदा हुकते. पण आमचा मुख्य आक्षेप वेगळा आहे. २, २.५ आणि १.५ असे तीन हप्ते सुटे पाहिले तर किरकोळ वाटतात. एकत्र झाले की महिन्याचे ६ बांधले जातात, आणि नोकरी गेली तरी ते थांबत नाहीत. उत्पन्नाची खात्री नसते तेव्हा पुढच्या महिन्यांचा पैसा आज बांधून टाकणं हा सगळ्यात महाग खर्च असतो, मग त्यावर व्याज असो वा नसो.

१८ मधले २ रॅपिंग आणि डिलिव्हरीसाठी, २ विसरलेल्या नावांसाठी. नावांना उरले १४. आता १९ नावांकडे वळू.

नावं कापत बसण्यापेक्षा भेटींची रचना बदला, कारण खर्च वाढतो तो मोठ्यांच्या आपसातल्या देवाणघेवाणीत. तुम्ही दोघं आणि चार जोडपी मिळून पाच घरं झाली. प्रत्येक घर इतर आठ जणांना देतं म्हणजे एकूण ४० वस्तू फिरतात. प्रत्येकानं एकालाच द्यायचं ठरवलं, तर दहाच वस्तू लागतात आणि तुमच्या घराच्या वाट्याला आठऐवजी दोन येतात. चिठ्ठ्या टाकून हे करायला गेलं की हमखास घोळ होतो : शेवटच्या माणसाला स्वतःचीच चिठ्ठी येते, किंवा नवऱ्याला बायकोची, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. त्यापेक्षा असं करा. प्रत्येक जोडप्यातल्या एकाचं नाव घेऊन पाच चिठ्ठ्या करा, मिसळा आणि निघतील त्या क्रमानं ओळीत लावा. त्यांच्यापुढे त्यांच्या जोडीदारांची नावं त्याच क्रमानं लिहा. दहा नावांची ओळ झाली. प्रत्येकानं आपल्या पुढच्याला द्यायचं, शेवटच्यानं पहिल्याला. जोडीदार नेहमी पाच जागा दूर राहतो, त्यामुळे नवरा-बायको एकमेकांना येतच नाहीत. पुढच्या वर्षी हीच ओळ वापरा आणि एक सोडून पुढच्याला द्या.

यात रकमेची वरची मर्यादा जितकी गरजेची, तितकीच खालची. फक्त ‘जास्तीत जास्त इतकं’ म्हटलं, की एक जण मर्यादेच्या निम्म्यातच आटपतो, दुसरा काठोकाठ जातो आणि पुढच्या वर्षी कुणीतरी अंग काढून घेतं.

मैत्रिणींना एक दिवस भेटण्याचं सुचवा, वस्तूंशिवाय. मग यादीत पाच मुलं, तीन वडीलधारे आणि ओळीतले दोघं, एवढ्या दहाच वस्तू राहतात. मुलांना १.२ प्रमाणे ६, वडीलधाऱ्यांना १.५ प्रमाणे ४.५, ओळीतल्यांना १ प्रमाणे २ आणि मैत्रिणींच्या भेटीला १.५. बेरीज बरोबर १४ होते.

रक्कम कमी झाली म्हणजे माया कमी दिसेल, ही भीती तुमच्या पत्रात ओळीओळीत जाणवते. गॅब्रिएल अ‍ॅडम्स आणि फ्रान्सिस फ्लिन यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात देणाऱ्यांना वाटत होतं की महाग वस्तूचं कौतुक जास्त होईल. घेणाऱ्यांच्या उत्तरांत किंमत आणि कौतुक यांचा तसा संबंध आढळला नाही. फ्रान्सिस्का जिनो यांच्यासोबत फ्लिन यांनीच केलेल्या पुढच्या अभ्यासात असं दिसलं, की माणसांना त्यांनी स्वतः मागितलेली वस्तू जास्त आवडते, आणि देणाऱ्यांना मात्र वाटतं की न सांगता निवडलेली वस्तू अधिक आपुलकीची. त्याआधी, १९९३ मध्ये, अर्थशास्त्रज्ञ जोएल वाल्डफोगेल यांनी विद्यार्थ्यांना विचारलं होतं, की मिळालेल्या वस्तूची भावनिक किंमत सोडली तर तिचं मोल तुमच्या लेखी किती? देणाऱ्यानं मोजलेल्या किमतीच्या दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंतचा भाग वाया जात असल्याचा अंदाज त्यातून निघाला, आणि सगळ्यात जास्त चुकत होते ते वयानं आणि नात्यानं दूरचे लोक. तेव्हा भाच्यांच्या आईवडिलांना सरळ विचारा : आकार कोणता, काय आधीच आहे, काय हवंय. विचारल्यानं भेटीची गंमत जात नाही.

निवडताना आमचा एक ठाम आग्रह आहे. महाग वस्तूची स्वस्त आवृत्ती देऊ नका, स्वस्त वस्तूतली उत्तम द्या. हलक्या प्रतीचे इअरफोन दोन महिन्यांत एका कानानं बंद पडतात. तेवढ्याच पैशात उत्तम टॉवेल, चांगलं पेन किंवा हाताशी लागणारी मजबूत कात्री येते आणि ती वर्षानुवर्षं वापरात राहते. आणखी एक गोष्ट तपासा. ही वस्तू घेणाऱ्याला पुढे खर्चात पाडणार आहे का? दर महिन्याला बॅटऱ्या खाणारं खेळणं, महागड्या रिफिलचं यंत्र, पहिले तीन महिने मोफत आणि मग आपोआप पैसे कापणारं सबस्क्रिप्शन. तुमच्यासारखाच ताण कदाचित त्यांच्याही घरात असेल.

गिफ्ट कार्डांबाबत या काळात विशेष जपा. दुकान बुडालं तर कार्ड असलेला माणूस विनातारण धनकोंच्या, म्हणजे तारणाशिवाय पैसे अडकलेल्यांच्या, रांगेत मागे उभा राहतो. अमेरिकेतल्या शार्पर इमेज या साखळीनं फेब्रुवारी २००८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि गिफ्ट कार्ड स्वीकारणंच थांबवलं. पुढे स्वीकारली ती अटी घालून. कार्ड द्यायचंच असेल तर ऐन सणाच्या तोंडावर घ्या, मुदत आणि वापराच्या अटी वाचा आणि घेणाऱ्याला लवकर वापरायला सांगा. त्यापेक्षा रोख रकमेचं पाकीट बरं. त्याला ना मुदत असते, ना दुकान बंद पडण्याची भीती.

आता तुमचा पहिला प्रश्न, आत्ता की नंतर. प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न लावा. नोकरीची बातमी काहीही आली तरी ही वस्तू देणारच आहोत का? उशीर केला तर ती संपेल किंवा महागेल का? आणि घेतल्यावर परत करता येईल का? पहिल्याचं उत्तर ‘हो’ आणि उरलेल्या दोहोंपैकी एकाचं तरी ‘हो’ असेल, तर आत्ता घ्या. बाकी सगळं थांबू द्या. मुलांच्या भेटी सहसा या कसोटीला उतरतात. पहिल्या पगारातून बाजूला टाकलेले ६ आणि मुलांचे ६ जुळतात, तेव्हा दुसऱ्या महिन्यात ही खरेदी उरकून टाका. कपडे मात्र अपवाद. वाढत्या वयाच्या मुलांचे कपडे शेवटी घ्या आणि एक माप मोठे घ्या.

लवकर खरेदीत लोक फसतात ते मुदतीत. परत करण्याची मुदत बहुतेक ठिकाणी खरेदीच्या किंवा डिलिव्हरीच्या तारखेपासून मोजतात, भेट दिल्याच्या दिवसापासून नव्हे. दोन महिने आधी घेतलेल्या वस्तूची मुदत सणाच्या दिवशी उलटलेली असते. वॉरंटीचंही तेच, ती बिलाच्या तारखेपासून सुरू होते. म्हणून पैसे देण्यापूर्वी विचारा : रिटर्न किती दिवस, पैसे परत मिळणार की फक्त क्रेडिट नोट, आणि सणासाठी मुदत वाढवून देता का? देत असतील तर बिलावर लिहून घ्या. टॅग काढू नका. विजेवर किंवा बॅटरीवर चालणारी वस्तू घरी आल्याच्या दिवशीच चालवून पाहा. रॅपिंग शेवटच्या आठवड्यात करा, कारण एकदा कागद चढला की कुणी उघडून बघत नाही आणि खोट समजते ती भेट घेतलेल्याच्या घरी. शिवाय एका वहीच्या पानावर नाव, काय घ्यायचं, मर्यादा, घेतलं का आणि बिल कुठे ठेवलंय, असे पाच रकाने करा. लवकर सुरू केलेल्या खरेदीत कपाटात काय आहे हे विसरून तीच वस्तू पुन्हा आणली जाते, किंवा ‘एवढंसंच घेतलंय’ असं वाटून भर पडत राहते.

सवलतींचं गणित थोडक्यात. ५० टक्के आणि त्यावर आणखी २० टक्के म्हणजे ७० नव्हे, ६० टक्के सूट. तीनवर एक मोफत म्हणजे २५ टक्के, तेही चार लागत असतील तरच. खोडलेली मूळ किंमत खरी असेलच असं नाही. युरोपीय संघात मे २०२२ पासून विक्रेत्याला सूट जाहीर करताना आधीच्या किमान ३० दिवसांतली सगळ्यात कमी किंमत दाखवावी लागते. तुम्ही हे घरबसल्या करू शकता. हव्या असलेल्या चार-पाच वस्तूंची आजची किंमत तारखेसह वहीत टिपा आणि दर आठवड्याला पुन्हा बघा. सेलच्या दिवशी त्या टिपणाशी तुलना करा, पाटीवरच्या आकड्याशी नको.

सणाच्या बरोबर तीन आठवडे आधीची तारीख कॅलेंडरवर खूण करून ठेवा. त्या दिवशी दोघांनी बसून एकच गोष्ट ठरवायची : उरलेली रक्कम मोकळी करायची की नाही. नोकरी जागेवर असेल तर वडीलधाऱ्यांच्या आणि ओळीतल्या दोघांच्या वस्तू त्या आठवड्यात घ्या. बाहेरगावी पाठवायच्या असतील तर दहा दिवस हाताशी ठेवा. बातमी वाईट असेल तर मुलांच्या भेटी ठेवा, ओळीतल्या दोन ठेवा, कारण तो शब्द दिलेला आहे. वडीलधाऱ्यांना ठरवलेल्या वस्तूंऐवजी कामाची एक-एक लहान वस्तू द्या किंवा भावंडांसोबत मिळून एकच द्या, आणि मैत्रिणींची भेट कुणाच्या तरी घरी ठरवा. शेवटच्या आठवड्यात नवी वस्तू घ्यायची नाही, विसरलेल्या नावांचे २ सोडून.

पैशांऐवजी वेळ द्यायचा असेल तर तारखेसकट द्या. ‘कधीही सांग, मुलांना सांभाळीन’ असं लिहिलेलं कार्ड बहुधा खणात पडून राहतं, कारण मागायला संकोच वाटतो. ‘पुढच्या महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार, दुपारी दोन ते सात, मुलं माझ्याकडे’ असं लिहिलं की ते घडतं.

राहिलं घरच्यांना सांगणं. ते याच आठवड्यात व्हायला हवं, कारण कुणी खरेदी करून बसलं की तुमचा प्रस्ताव त्यांना आडवा येतो. तोंडी ‘या वर्षी काही आणू नका हं’ म्हणू नका. निम्मे लोक ते शिष्टाचार समजतात आणि आणतातच, मग न आणणारे अवघडतात. लिहून पाठवा, साधारण असं :

‘या वर्षी आपण मोठ्यांनी प्रत्येकानं आठ जणांना देण्याऐवजी एकालाच भेट द्यावी, असं सुचवतेय. मुलांच्या भेटी नेहमीसारख्याच. रक्कम किती ते सगळे मिळून ठरवू. आम्ही या वर्षी खर्च बेतानं करतोय, म्हणून लवकर विचारतेय. कुणी आधीच काही घेतलं असेल तर येत्या रविवारपर्यंत सांगा.’

यात खोटं काही नाही, आणि नवऱ्याच्या नोकरीचा उल्लेखही नाही. तो करायचा की नाही, हे त्यांनी ठरवावं. पाठवण्याआधी हा मजकूर त्यांना नक्की वाचून दाखवा. दोन्हीकडच्या नातेवाइकांपैकी ज्यांना जास्त लागेल असं वाटतं, त्यांना गटावर टाकण्यापूर्वी फोन करा. सासूबाई किंवा आई ‘आमच्यासाठी काही नको’ म्हणाल्या तर ‘मग रोज काय लागतं ते तरी सांगा’ असं विचारा. उत्तर चष्म्याच्या दोरीपासून खोलीतल्या दिव्यापर्यंत काहीही येऊ शकतं आणि बहुतेक वेळा ते १.५ च्या आत बसतं.

मुलांपैकी दहा-बारा वर्षांपुढच्यांना रक्कम सांगून टाका आणि त्यात काय हवं ते निवडू द्या. लहानांना मोठी यादी करायला सांगू नका, ‘सगळ्यात जास्त काय हवंय?’ एवढंच विचारा. नोकरीची काळजी त्यांच्यासमोर बोलू नका. पण दारात उभं राहून ‘बघू’ म्हणत दिवस काढण्यापेक्षा ‘या वर्षी एकच वस्तू’ हे स्पष्ट सांगा. ‘बघू’ला मुलं होकार समजतात.

सण झाल्यावर त्याच आठवड्यात वही पुन्हा उघडा. न दिलेल्या वस्तू मुदतीत असतील तर परत करा, प्रत्यक्ष झालेला खर्च मर्यादेच्या आकड्याशेजारी लिहा आणि उरलेला पैसा राखीव रकमेत टाका. नोकरी टिकली असेल तर पुढच्या पगारापासून दरमहा १.५ वेगळे ठेवायला लागा. बारा महिन्यांत तेच १८ जमतात, आणि एका पगारातून ६ काढावे लागत नाहीत.